गाडी खाली घेतली, पण ब्रेकला सांगायचं राहिलं

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला बरं वाटतं, त्यांच्यासाठी हे नेहमीसारखं या भागाचं लिखित रूप. बोलताना आलेले 'म्हणजे' आणि 'ॲक्च्युअली' बरेचसे काढलेत, सगळे काही निघाले नाहीत.

आजचा विषय म्हणजे जुनी फोर-व्हील-ड्राइव्ह पिकअप खाली घेणं. लोअरिंग. मागच्या एका भागात मी सहज म्हणालो होतो की माझी पिकअप मी खाली घेतोय. त्यावर विचारणा झाली की "फोर-व्हीलवाली गाडी लोक उंच करतात, तू खाली कशाला घेतोस?" प्रश्न रास्त आहे. उत्तर दोन शब्दांत द्यायचं तर: आईचे गुडघे.

मी कॅलिफोर्नियात राहतो, दिवसा कोड लिहितो आणि शनिवार-रविवार १९९३ सालच्या टोयोटा पिकअपखाली झोपलेला असतो. अमेरिकेत या गाडीचं नावच 'पिकअप' होतं, बाकीच्या जगात तिला हायलक्स म्हणतात. २.४ लिटरचं चार सिलिंडरचं पेट्रोल इंजिन, हाताचे गिअर, आणि फोर-व्हील टाकायला शेजारी वेगळी छोटी दांडी. मी घेतली तेव्हा ती आधीच्या मालकाने उंच केलेली होती. मागे पाट्यांखाली दोन इंचांचे लोखंडी ठोकळे, पुढचं सस्पेन्शन पिळून वर घेतलेलं, आणि खाली ३३ इंची टायर. दिसायला झकास.

आई सहा महिन्यांसाठी यायची होती. व्हिडिओ कॉलवर मी कौतुकाने गाडी दाखवली. ती म्हणाली, "अरे, ह्याच्यात चढायचं कसं? वडापच्या टपावर चढल्यासारखं आहे हे." तासगावच्या बाजूची आहे ती, वडापच्या जीपमध्ये आयुष्य गेलंय. एका गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं, दुसरा रांगेत. मग ठरवलं, गाडी खाली घ्यायची.

उंची कोणाकोणाची असते?

सुरुवातीला मला वाटलं होतं की उंची हा एक आकडा आहे. चार इंच हवेत, चार इंच काढा. प्रत्यक्षात गाडीखाली गेल्यावर लक्षात येतं की दोन वेगवेगळ्या उंची आहेत.

पहिली, टायरमुळे येणारी. ३३ इंची टायर काढून ३१ इंची लावला, तर व्यास दोन इंचांनी कमी होतो आणि गाडी निम्म्याने, म्हणजे एक इंच खाली येते. यात सगळंच खाली येतं, मागच्या ॲक्सलचा गोळा, म्हणजे डिफरन्शियलसुद्धा.

दुसरी, सस्पेन्शनमुळे येणारी. चाकाच्या मध्यापासून वर चेसी किती अंतरावर आहे, ती. ही कमी केली की चेसी, केबिन, हौदा, पेट्रोलची टाकी, ट्रान्सफर केस आणि पुढचं डिफरन्शियल खाली येतं. पुढचं डिफरन्शियल चेसीला बसवलेलं असतं, म्हणून तेही. पण मागचा ॲक्सल सरळ चाकांवर उभा असतो, त्यामुळे तो होता तिथेच राहतो. म्हणून 'सस्पेन्शन दोन इंच खाली घेतलं' म्हणजे सगळीकडचा ग्राउंड क्लिअरन्स दोन इंच गेला, असं होत नाही.

मोजमाप घेताना जमिनीपासून मोजू नका. टायरमध्ये हवा कमी-जास्त असली की आकडा बदलतो. चाकाच्या मध्यापासून फेंडरच्या कडेपर्यंत मोजा. चारही चाकांचे आकडे मास्किंग टेपवर लिहून त्या-त्या फेंडरवर चिकटवा. मी आधी मोबाईलमध्ये लिहिले होते. ग्रीसच्या हातांनी मोबाईल उघडत नाही.

पुढची बाजू: m आणि c

या गाडीला पुढे कॉइल स्प्रिंग नाहीत, टॉर्शन बार आहेत. टॉर्शन बार म्हणजे स्टीलची लांब सळई. एक टोक चाकाच्या आर्मला, दुसरं मागे चेसीला अडकवलेलं. चाक वर गेलं की आर्म फिरतो, सळईला पीळ बसतो, आणि सळई पीळ सोडवायला बघते. ओला टॉवेल पिळताना हाताला जो विरोध जाणवतो, तोच प्रकार. चेसीकडच्या टोकाला एक ॲडजस्टिंग बोल्ट असतो. तो आवळला की गाडी वर जाते, सैल केला की खाली येते. पाना असला की काम होतं, म्हणून लोक मन मानेल तसा तो फिरवतात.

इथे एक गैरसमज जवळजवळ सगळ्यांचा असतो. माझाही होता. 'बोल्ट आवळला की सस्पेन्शन कडक होतं, सैल केला की मऊ होतं.' असं होत नाही. सळईचा कडकपणा तिची जाडी, लांबी आणि स्टील यांवर ठरतो, आणि बोल्ट फिरवून यातलं काहीच बदलत नाही. शाळेतलं वाय इज इक्वल टू एमएक्स प्लस सी आठवा. बोल्ट फक्त सी बदलतो, एमला हात लावत नाही. गाडीचं वजन तेच, म्हणून ते पेलायला लागणारा पीळही जवळपास तोच. फक्त आर्म कुठल्या जागी येऊन थांबणार, ते बदलतं.

मग उंच केलेली गाडी कडक का लागते? कारण चाकाला वर-खाली जायला एकूण जागा ठरलेली आहे. खालच्या टोकाला एक रबर, वरच्या टोकाला एक रबर, मधला तो प्रवास. आधीच्या मालकाने बोल्ट इतका आवळला होता की आर्म खालच्या रबराजवळ पोचला होता. खड्डा आला की चाकाला खाली जायला जागाच नाही, मग दणका थेट चेसीला. आणि खूप खाली घेतलेल्या गाडीत उलटं होतं. स्पीडब्रेकरवर चाकाला वर जायला जागा नाही, मग वरच्या रबरावर धडक.

थोडक्यात, गाडी खाली घेणं म्हणजे वरच्या बाजूचा प्रवास खर्च करणं. काही जण ती जागा परत मिळवायला वरचं रबर कापतात. फोर-व्हील गाडीत हे करू नका. डिफरन्शियलपासून चाकाकडे जाणारे सीव्ही शाफ्ट ठरावीक कोनापर्यंतच वळतात आणि ठरावीक लांबीपर्यंतच आत सरकतात. ते रबर चाकाला जिथे थांबवतं, त्याच्या पलीकडचा हिशेब कंपनीने केलेला नसतो.

माझ्या बाबतीत खाली येणं शाफ्टच्या फायद्याचंच होतं. उंच केल्यामुळे ते तिरके झाले होते आणि दोन्ही रबरी बूट फाटून ग्रीस बाहेर आलं होतं. पुढून दीड इंच खाली घेतल्यावर शाफ्ट पुन्हा कंपनीच्या कोनाजवळ आले.

करताना पाळायच्या गोष्टी अशा. चेसी जॅकने उचलून स्टँडवर ठेवा, पुढची चाकं लोंबकळू द्या, मगच बोल्टला हात लावा. वजन असताना त्या बोल्टवर प्रचंड ताण असतो. सुरुवातीची जागा रंगाने खूण करून ठेवा. डाव्या-उजव्या सळया काढल्याच तर अदलाबदल करू नका, त्या वेगवेगळ्या असतात. गाडी खाली ठेवल्यावर लगेच मोजू नका. दोन-तीन किलोमीटर फिरवून आणा, सस्पेन्शन बसू द्या, मग मोजा. आणि शेवटी व्हील अलाइनमेंट करायचीच. उंची बदलली की चाकाचा कॅम्बर बदलतो आणि टो-इनही बदलतं. न केल्यास टायर आतल्या किंवा बाहेरच्या कडेने घासून संपतात.

मागची बाजू: पाटे

मागे आपले ओळखीचे पाटे. या गाडीत पाटे ॲक्सलच्या वर बसतात. त्यामुळे ॲक्सल आणि पाटा यांच्यामध्ये ठोकळा घातला की गाडी उंच होते. पाटे ॲक्सलच्या खालून जाणाऱ्या गाड्यांमध्ये तसाच ठोकळा गाडी खाली आणतो. नेटवर 'लोअरिंग ब्लॉक' बघून ऑर्डर करण्याआधी गाडीखाली वाकून पाटा वर आहे की खाली, एवढं बघा. शॅकलचंही तेच. लांब शॅकलने गाडी वर जाईल की खाली, हे पाट्याचं टोक शॅकलच्या कुठल्या बाजूला अडकलंय त्यावर ठरतं.

माझं काम सोपं होतं, ठोकळे काढायचे. दोन इंचांचे ठोकळे गेले, गाडी दोन इंच खाली. यू-बोल्ट मात्र नवे घेतले. जुने ठोकळ्याच्या मापाने लांब होते, आणि तसंही एकदा पूर्ण आवळलेला यू-बोल्ट ताणलेला असतो, तो पुन्हा वापरत नाहीत. शॉक ॲब्सॉर्बरही बदलले. उंच गाडीसाठीचे लांब शॉक खाली आलेल्या गाडीत आधीच अर्धे दाबलेले राहतात आणि मोठ्या धक्क्याला तळाशी आपटतात. पाट्यांच्या टोकांचे बोल्ट गाडी चाकांवर उभी असताना आवळले. हवेत लटकत असताना आवळले तर आतली रबरी बुश कायम पिळलेल्या अवस्थेत राहते आणि लवकर फाटते.

रविवारी संध्याकाळी काम झालं. दरवाजाचा उंबरा टायर धरून पावणेतीन इंच खाली आला होता. फोटो काढला, आईला पाठवला. आई यायला आठ दिवस होते.

पावसातला रॅम्प

मंगळवारी हंगामातला पहिला पाऊस. इथे पाऊस हिवाळ्यात पडतो, आणि उन्हाळाभर रस्त्यावर साचलेलं तेल पहिल्या पावसात वर येतं. ऑफिसातून परत येताना फ्रीवेवरून उतरलो, रॅम्पच्या वळणावर पुढे लाल सिग्नल. ब्रेक दाबला. जोरात नाही, नेहमीसारखा.

गाडीचा मागचा भाग डावीकडे निघाला. मला वाटलं पुढचं चाक घसरलं. पण पुढचा भाग होता तिथेच होता, मागची बाजू मला ओव्हरटेक करायला निघाली होती. ब्रेक सोडला, स्टिअरिंग फिरवलं, गाडी कशीबशी दोन लेनमध्ये आडवी उभी राहिली. मागे कोणी नव्हतं, हे नशीब. बाजूची सीट रिकामी होती. काही दिवसांनी तिथे आई बसणार होती.

घरी येऊन पुन्हा गाडीखाली गेलो. टायर नवे, ब्रेक शू ठीक, कुठे तेल गळत नव्हतं. मग मागच्या ॲक्सलवर उभी केलेली एक छोटी लोखंडी पट्टी दिसली. ठोकळे काढताना ती दिसली होती, पण कशाची ते कळलं नव्हतं, आणि 'चाललंय ना, राहू दे' म्हणून सोडून दिली होती. तिच्यातून एक दांडी वर चेसीवरच्या एका व्हॉल्व्हला गेली होती.

तो होता लोड-सेन्सिंग व्हॉल्व्ह. आजचा भाग खरं तर त्याच्याविषयी आहे.

पिकअपची अडचण अशी की रिकामी असताना मागची चाकं हलकी असतात, भरल्यावर जड होतात. ब्रेक दाबला की वजन पुढे झुकतं, मागची चाकं आणखी हलकी होतात. हलक्या चाकाला जास्त ब्रेक दिला तर ते लॉक होतं. पुढची चाकं लॉक झाली तर गाडी वळत नाही, सरळ घसरत जाते. मागची लॉक झाली तर गाडी स्वतःभोवती फिरते, आणि ते जास्त वाईट. एबीएस नसलेल्या गाडीत यावर उपाय म्हणजे हा व्हॉल्व्ह. हौद्यात वजन असेल तर मागच्या ब्रेकला जास्त दाब जाऊ द्यायचा, नसेल तर कमी.

आता त्याला वजन कळतं कसं? कळत नाही. त्याच्याकडे वजनकाटा नाही. तो फक्त चेसी आणि ॲक्सल यांच्यातलं अंतर बघतो. वजन टाकलं की पाटे दबतात, चेसी खाली येते, दांडी सरकते, व्हॉल्व्ह समजतो 'माल भरलाय'. अंतरावरून काढलेला अंदाज. जोपर्यंत उंची फक्त मालामुळे बदलते, तोपर्यंत अंदाज बरोबर.

आधीच्या मालकाला हे माहीत होतं. गाडी दोन इंच वर घेतल्यावर त्याने ॲक्सलवरची पट्टीही दोन इंचांनी वर घेतली, म्हणजे व्हॉल्व्हला अंतर पूर्वीइतकंच दिसेल. मी ठोकळे काढले आणि पट्टी ठेवली. त्यामुळे व्हॉल्व्हच्या दृष्टीने माझ्या हौद्यात दोन इंच पाटे दबतील इतका माल कायमचा भरलेला होता. हौदा रिकामा, आणि मागच्या ब्रेकला भरलेल्या गाडीचा दाब.

कोड लिहिणाऱ्यांना हे दुखणं माहीत आहे. एक व्हेरिएबल असतं, आपल्याला वाटतं ते फक्त आपण वापरतोय, म्हणून बदलतो. तिकडे दुसऱ्या कोपऱ्यात कोणीतरी तेच वाचून निर्णय घेत असतं. उंची हे असंच व्हेरिएबल आहे. व्हॉल्व्ह ते वाचतो, सीव्ही शाफ्ट वाचतात, अलाइनमेंट वाचते. हेडलाइटही: मागची बाजू पुढच्यापेक्षा जास्त खाली गेली की प्रकाश समोरच्याच्या डोळ्यात जातो. कोडमध्ये सर्च मारून कोण वाचतंय ते शोधता येतं. गाडीत खाली झोपून प्रत्येक दांडी कुठून कुठे जाते, ते बघत बसावं लागतं.

मी पट्टी काढून दांडी कंपनीच्या जागी आणली, पण तेवढ्यावर भागवलं नाही. वर्कशॉप मॅन्युअलमध्ये याची रीत दिलेली असते. मागच्या ॲक्सलवर ठरावीक वजन ठेवायचं, पुढच्या आणि मागच्या ब्रेकला प्रेशर गेज लावायचे, आणि पुढे अमुक दाब असताना मागे किती येतो ते ताडून दांडी जुळवायची. हे घरच्या गेजने होत नाही. ब्रेकचं काम करणाऱ्या गॅरेजकडून करून घेतलं. मग रिकाम्या पार्किंगमध्ये, ओल्या जमिनीवर, कमी वेगाने पुन्हा पुन्हा ब्रेक मारून बघितला. आता पुढची चाकं आधी लॉक होतात. तसंच हवं.

कंपनीच्या उंचीच्याही खाली जायचं असेल तर

मी कंपनीच्या उंचीवर थांबलो. काहींना त्याच्या खाली जायचं असतं. टू-व्हील पिकअपमध्ये पुढे ड्रॉप स्पिंडल लावतात. त्यात चाकाचा मध्य वर सरकवलेला असतो, म्हणून प्रवास खर्च न करता गाडी खाली येते. फोर-व्हीलमध्ये त्याच जागेतून शाफ्ट जातो, म्हणून ही युक्ती सहज चालत नाही. उरतो बोल्ट, आणि बोल्ट प्रवास खातो. पुढे एक-दीड इंचापलीकडे मी तरी जाणार नाही.

मागे ॲक्सल पाट्यांच्या खाली न ठेवता पाट्यांच्या वर बसवतात. त्याला फ्लिप म्हणतात. त्यात ॲक्सलची आणि पाट्यांची जाडी मिळून एकदम पाच-सहा इंच उंची जाते. मग ॲक्सल चेसीला आपटू नये म्हणून चेसी कापून वरून मजबूत करावी लागते, प्रॉपेलर शाफ्टचा कोन पुन्हा जुळवावा लागतो. ते गॅरेजमधलं रविवारचं काम राहत नाही. आणि एखादा पाटा काढून टाकणं हा सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात वाईट उपाय, कारण गाडीची माल पेलण्याची ताकद जाते.

कायदाही बघा. कॅलिफोर्नियात १९५८ पासून २०२३ अखेरपर्यंत नियम होता की बदल केलेल्या गाडीचा कुठलाही भाग चाकाच्या रिमच्या खालच्या कडेपेक्षा खाली नको. भारतात मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आहे, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की कंपनीच्या मूळ स्पेसिफिकेशनपासून फारकत घेणारे बदल चालणार नाहीत. तिकडे ऐकणाऱ्यांनी पाना उचलण्याआधी आरटीओत विचारा.

आपल्याकडचा उलटा प्रकार

हे सगळं मामाला फोनवर सांगितलं. त्याच्याकडे पिकअप आहे, द्राक्षाच्या पेट्या वाहतो. तो म्हणाला, "आमच्या गाडीला पण मागे तसली दांडी हाय की. आम्ही तर एक पाटा वाढवून घेतलाय."

मी जागीच थांबलो. आपल्याकडे माल जास्त भरता यावा म्हणून पाटा वाढवणं ही सर्रास गोष्ट आहे. आता तोच हिशेब उलटा करा. पाटा वाढवला, माल भरला तरी गाडी कमी दबते. व्हॉल्व्हला वाटतं गाडी रिकामी आहे. मग जेव्हा मागच्या ब्रेकची सगळ्यात जास्त गरज असते, तेव्हाच तो दाब अडवून धरतो. सगळा भार पुढच्या ब्रेकवर, आणि गाडी थांबायला अंतर जास्त लागतं. घाटात उतरताना याचा अर्थ काय होतो, ते सांगायला नको. मामाला म्हटलं, पाटा काढ, किंवा निदान ती दांडी जुळवून घे. त्याने मेकॅनिकला दाखवतो म्हणून सांगितलंय. मी दर रविवारी आठवण करतोय.

आई आली. एअरपोर्टवर एका हाताने दरवाजाची कड धरली, एक पाय उंबऱ्यावर टाकला आणि थांबली. पावणेतीन इंच कमी केले तरी तिच्यासाठी उंचच होती. शेवटी दोन्ही बाजूंना पायरी लावली, अर्ध्या तासाचं काम. आई म्हणाली, "हे आधीच नाही का लावायचं?"

लावता आलं असतं. पण मग फाटलेले बूट फाटकेच राहिले असते, आणि त्या व्हॉल्व्हची मला ओळख झाली नसती. तुमच्याकडे जुनी पिकअप असेल, इथे नाहीतर तिकडे, तर या आठवड्यात एकदा मागच्या ॲक्सलपाशी वाकून बघा. ॲक्सलवरून चेसीकडे जाणारी बारीक दांडी दिसली, तर गाडीच्या उंचीला हात लावण्याआधी तिला विचारा.

भेटू पुढच्या भागात.